तीन डिसेंबरला सत्कार कोणाचा करायचा? ऐरोली, रबाळे, ठाणे भागातली नावं सुचवा

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

ऐरोलीतल्या आमच्या नागरिक गटाने यंदा तीन डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाला, एक कार्यक्रम करायचं ठरवलंय. ज्यांना सहसा कोणी कामावर उभं करत नाही अशा माणसांना नोकरी देणारे आपल्या भागातले मालक, दुकानदार, कंपन्या यांचा सत्कार करायचा. हॉल मिळालाय, चहा-नाश्ता एकाने अंगावर घेतलाय. यादी करायचं काम माझ्याकडे आलं आणि तिथेच माझं घोडं अडलं. म्हणून हा धागा.

मी महापे एमआयडीसीत एका कंपनीच्या टाइम ऑफिसला १९ वर्षं होते. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआयसी, फुल अँड फायनल, सगळं माझ्या हातून गेलं. माणूस कामाला लागतो कसा हे पाहिलं, तसं तो कामावरून जातो कसा हेही रोज पाहिलं.

आता खरं कारण सांगते. माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच पट्ट्यातल्या एका कंपनीने (नाव घेत नाही) नोव्हेंबरात अकरा कर्णबधिर मुलं पॅकिंगला घेतली, ठेकेदारामार्फत. त्यात माझा भाऊही होता. तीन डिसेंबरला कंपनीच्या आवारात मांडव पडला. ही अकरा जणं पुढच्या रांगेत, प्रत्येकाच्या हातात गुलाबाचं फूल, मागे मोठा बॅनर. कुठल्याशा संस्थेने प्लांट मॅनेजरला सन्मानचिन्ह दिलं, फोटो निघाले. मार्चअखेर ठेका बदलला. नव्या ठेकेदाराच्या यादीत अकरापैकी एकाचंही नाव नव्हतं. मी चौकशीला गेले तेव्हा मला सांगितलं, "मॅडम, मुलं चांगली आहेत, पण सुपरवायझरचा समजावण्यात वेळ जातो."

भावाने तो ग्रुप फोटो अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय. कंपनीच्या युनिफॉर्ममधला त्याचा तेवढा एकच फोटो आहे.

त्यामुळे यादी करताना माझा हात थांबतो. मला वाटतं, किती जणांना घेतलं याला फारसा अर्थ नाही. तिसऱ्या वर्षी त्यातले किती टिकलेत, त्यांचा पगार बाकीच्यांबरोबर वाढला का, हे बघावं. आणि हे मालकाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा कामगाराच्या तोंडून ऐकावं. तुम्हाला काय वाटतं? नावं माहीत असतील तर सुचवा, पण इथे जाहीर लिहू नका, मला खासगी संदेशातून कळवा.

---

पारिजात७

ताई, भावाचं वाचून पोटात तुटलं. तिसऱ्या वर्षाच्या अटीला माझं अनुमोदन.

---

वागळे_वर्कशॉप

मी वागळे इस्टेटमध्ये प्रेस शॉप चालवतो. शीट मेटलचे छोटे पार्ट, क्लॅम्प, ब्रॅकेट. माणसं चौदा. त्यातले दोघे कर्णबधिर, एकाला लहानपणी पोलिओ झालेला. कर्णबधिरांपैकी पहिल्याला सात वर्षं झाली, दुसऱ्याला चार.

आधी जे सांगायला जड जातं ते सांगतो. वडिलांच्या काळात, तेव्हा मी कॉलेजात होतो, आमच्याकडे पॉवर प्रेसवर एका ऑपरेटरची तीन बोटं गेली. रीतसर उपचार झाले, कायद्याने जे बसत होतं ते त्याला मिळालं. पण परत कामावर घेतलं नाही. "तीन बोटांशिवाय तो प्रेसवर काय करणार," असं वडील म्हणाले आणि मलाही तेव्हा ते पटलं. स्टोअर होतं, डिस्पॅच होतं, गेज लावून तपासणी होती, यातलं एकही काम कोणाला सुचलं नाही. तो माणूस पुढे किसननगरला अंड्याची गाडी लावायचा. मी त्या रस्त्याने जाणं टाळायचो.

सरकारी आस्थापनेत आता असं करता येत नाही. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, हुद्दाही कमी करता येत नाही, २०१६ च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. खासगीत मात्र ते मालकाच्या मनावर. म्हणून ताई, तुमच्या यादीत एक रकाना वाढवा: ज्याचा हात, पाय, डोळा आपल्याच कारखान्यात गेला त्याला ज्याने दुसऱ्या कामावर ठेवून घेतलं, तो मालक. असे लोक आहेत. कोणाला सांगत नाहीत.

आता कर्णबधिरांबद्दल. मला भीती होती अपघाताची. हाक ऐकू जाणार नाही, हूटर ऐकू जाणार नाही. पहिल्या आठवड्यात लक्षात आलं की प्रेस चालू असताना आमच्यातलाही कोणी काही ऐकत नाही. सगळे इअरप्लग लावून, हातवारे करूनच बोलतात! फरक फक्त हूटरचा होता. इलेक्ट्रिशियनने हूटरच्याच वायरीवर लाल फिरता दिवा जोडला, प्रेसच्या बरोबर समोर, डोळ्यांच्या उंचीला. एका दुपारचं काम. नंतर कळलं, तो दिवा सगळ्यांनाच उपयोगी पडतो, कारण हूटर कोणालाच नीट ऐकू येत नव्हता.

दुसरं म्हणजे सकाळी टूल बदलताना मी तोंडी सूचना द्यायचो. आता फळ्यावर पार्ट नंबर, डायचा नंबर, नगांचा आकडा लिहितो. रिजेक्शन कमी झालं, कारण आधी माझं बोलणं बाकीच्यांनाही अर्धवटच कळायचं.

सत्कार मला नको. खरंच नको. तुम्हाला काही द्यायचंच असेल तर काम द्या. ठाण्यात एवढ्या मोठ्या कंपन्या आहेत, त्यांचे खरेदी विभाग आहेत. व्हेंडर निवडताना भाव आणि क्वालिटी सारखी असेल तर अशा युनिटला झुकतं माप द्यावं, असं एखाद्या कंपनीने लिहून दिलं तर त्या पत्राची मी फ्रेम करून भिंतीला लावेन.

---

साष्टी

विषय चांगला आहे, पण मुळातच माझा विरोध नोंदवतो. कायद्याने जे करायला हवं ते केल्याबद्दल सत्कार का? सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे, ते भरणं कर्तव्य आहे. सिग्नलला थांबल्याबद्दल आपण कोणाला हार घालत नाही. अशा सत्कारातून असा समज पसरतो की या लोकांना नोकरी देणं म्हणजे दानधर्म.

---

पुस्तकपान

साष्टी, तुमचा मुद्दा सरकारी नोकरीपुरता बरोबर आहे. खासगी क्षेत्राचं थोडं वेगळं आहे, म्हणून कायदा नीट मांडतो.

दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ चा. अंमल सुरू झाला एप्रिल २०१७ मध्ये. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं, इथे एकवीस आहेत, ज्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेले, थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे रुग्ण, ऑटिझम, मानसिक आजार हे सगळे येतात. सरकारी आस्थापनांना चार टक्के जागा राखीव ठेवणं बंधनकारक. खासगी क्षेत्राला मात्र टक्केवारीचं बंधन नाही. तिथे कलम ३५ म्हणतं की किमान पाच टक्के मनुष्यबळ दिव्यांग असावं यासाठी सरकारने आपल्या ऐपतीप्रमाणे मालकांना प्रोत्साहन द्यावं. म्हणजे खासगी मालक जेव्हा कोणाला घेतो तेव्हा तो बऱ्याच अंशी स्वतःहून घेत असतो. त्याची दखल घेण्यात मला काही चूक वाटत नाही.

पण एक बंधन खासगीवरही आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. वीस किंवा जास्त माणसं असतील तर त्या धोरणात कोणती पदं योग्य आहेत, निवड कशी होणार, प्रशिक्षण, बदली, रजा, साधनं यांचं काय, आणि संपर्क अधिकारी कोण, हे सगळं लिहायचं असतं. हे धोरण दर्शनी जागी किंवा संकेतस्थळावर लावायचं असतं. खाडीकाठताई, तुम्ही ज्या कंपन्यांकडे जाल तिथे पहिला प्रश्न हाच विचारा: "तुमचं समान संधी धोरण बघायला मिळेल का?" वीसच्या वर माणसं असून ज्यांच्याकडे ते नाही त्यांना शाल देण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे साष्टींचा सिग्नलचा दाखला अगदी लागू पडतो.

मोठ्या कंपन्यांसाठी आणखी एक सोपी वाट. शेअर बाजारातल्या बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, बीआरएसआर अहवाल (कंपनीची सामाजिक आणि पर्यावरणाची जबाबदारी मांडणारा) द्यावाच लागतो. तो वार्षिक अहवालातच असतो. त्यात दिव्यांग कर्मचारी किती आणि दिव्यांग कामगार किती, कायम किती आणि बाकीचे किती, बायका किती, पुरुष किती, असा तक्ताच आहे. शिवाय जागा वावरायला सोयीची आहे का, समान संधी धोरण कुठे बघायचं, हेही विचारलेलं असतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ज्यांच्या पाट्या आहेत त्यातल्या बऱ्याच कंपन्या या यादीतल्या आहेत. घरबसल्या, फुकट बघता येतं. दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की आकडा वाढतोय की घटतोय ते दिसतं.

---

खाडीकाठ

पुस्तकपान, हे सोन्यासारखं आहे. मी आज रात्रीच बसते अहवाल घेऊन.

साष्टी, तुमच्या मनातली भीती माझ्याही मनात आहे. दानधर्माचा वास नको. पण वागळेदादांनी जे लिहिलंय, तो फळा, तो दिवा, ते लोकांपर्यंत पोचावं असं मला फार वाटतं. कार्यक्रमात त्यांच्यासारख्यांनी पंधरा मिनिटं फक्त "आम्ही काय बदललं" हे सांगितलं तरी शेजारचा गाळेवाला ऐकेल. आज तो ऐकतो फक्त "जमत नाही हो" म्हणणाऱ्यांचं.

---

कोपरखैरणेची_आई

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा २६ वर्षांचा. डाऊन सिंड्रोम. शाळा झाली, नंतर वाशीच्या महापालिकेच्या ईटीसी केंद्राचीही (दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र) माहिती घेतली, मग एका संस्थेत मेणबत्त्या, पाकिटं, कागदी पिशव्या असं काम काही वर्षं केलं. ते काम चांगलं होतं, पण त्याला "ऑफिस" हवं होतं. ताईसारखं. मोठी मुलगी सकाळी डबा घेऊन निघायची की हाही बूट घालून दारात उभा राहायचा.

एका मोठ्या दुकानात लागला होता आधी. मॉलमध्ये. तिथे त्याला दारात उभं करायचे, येणाऱ्यांना नमस्कार करायला. आठ तास. दुसरं काही काम देतच नसत. लोक फोटो काढायचे. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "आई, मी पुतळा आहे?" दुसऱ्या दिवसापासून मी त्याला पाठवलं नाही.

आता दीड वर्ष झालं, तो ऐरोलीत एका मेसमध्ये जातो. आयटी पार्कमधली मुलं जेवायला येतात तिथे. सकाळी दहा ते दुपारी दोन, चार तास. त्या मेसच्या ताई स्वतः विदर्भातून आलेल्या, नवरा गेल्यावर पोळीभाजीचे डबे करत करत त्यांनी ही जागा घेतली. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी संस्थेचं पत्र वाचलंच नाही. म्हणाल्या, "त्याला काय आवडतं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता हो. मी म्हटलं, त्याला वस्तू रांगेत लावायला आवडतात. तेव्हापासून ताटं, वाट्या, चमचे त्याच्याकडे.

कसं शिकवलं ते सांगते, कारण वागळेदादांनी फळ्याचं लिहिलंय. ताईंनी एका जुन्या ताटावर स्केचपेनने गोल काढून ठेवलेत, वाटीची जागा, ग्लासची जागा, लिंबाची फोड, चमचा. ते ताट भिंतीला टांगलंय. पहिला महिनाभर तो प्रत्येक ताट लावताना त्या ताटाकडे बघायचा. आता बघत नाही, पण कोणी ते काढलं तर अस्वस्थ होतो, म्हणून ते तिथेच आहे. आंब्याच्या दिवसांत आमरसाची वाटी वाढली तेव्हा ताईंनी आदल्या दिवशीच एक गोल जास्त काढून ठेवला होता.

लोकलच्या प्रवासाचं मी अंगावर घेतलं होतं. कोपरखैरणे ते ऐरोली, मधे घणसोली आणि रबाळे. पहिले दोन महिने त्याच्याबरोबर अपंगांच्या डब्यात. मग दोन महिने मी मागच्या डब्यात, त्याला न सांगता. रबाळे आलं की मी दारात येऊन बघायची, उतरत तर नाही ना चुकून. आता एकटा जातो. पोचला की ताईंचा मिस्ड कॉल येतो. कॉल येईपर्यंत माझा चहा गार होतो.

पगार महिन्याच्या सात तारखेला, बँकेत. इतर पोरांना तासाला जे देतात त्याच हिशेबाने. दिवाळीला सगळ्यांना पगाराइतका बोनस दिला, त्यालाही दिला. त्यातून त्याने ताईला, म्हणजे त्याच्या बहिणीला, मोबाइलचं कव्हर आणलं.

त्या मेसवाल्या ताईंकडे धोरण वगैरे काही नाही. माणसंच सहा आहेत. पण त्यांचं नाव मी सुचवते. आणि तिसऱ्या वर्षाची अट थोडी सैल करा ना, त्याला दीडच वर्ष झालंय.

---

पारिजात७

"त्याला काय आवडतं?" यावर मी बराच वेळ थांबले. या मेसला माझं पहिलं मत.

---

दीपमाळ

मी पूर्ण अंध आहे, ठाण्यातल्या एका बँकेत काम करतो. हा धागा स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकतोय.

माझ्या आधीच्या पिढीतल्या अंध कर्मचाऱ्यांना बँकेत बहुतेक एकच काम मिळायचं, टेलिफोन ऑपरेटर. तीस-तीस वर्षं. हुशार, पदवीधर माणसं निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर. मी लागलो तेव्हा मलाही तिथेच बसवलं, आणि ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज, स्वयंचलित झाल्यावर तर फोनही वाजेना. नोकरी होती, पगार होता, काम नव्हतं. सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत नुसतं बसायचं. माणूस आतून कुजतो त्यात.

मग एक नवीन शाखाधिकारी आल्या. त्यांनी माझ्या टेबलावरच्या संगणकात एनव्हीडीए टाकून घेतलं. हा स्क्रीन रीडर फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. आयटी विभागाकडून परवानगी आणायला त्यांना चार महिने लागले, पण त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. आज मी कर्जाच्या फाइली बघतो. एक प्रमोशन झालंय, दुसऱ्याची परीक्षा दिलीय.

त्या बाईंचा कोणी सत्कार केला नाही, कारण त्यांनी कोणाला "नोकरी दिली" नव्हती. आधीपासून असलेल्या माणसाला काम दिलं. तुमच्या यादीत अशा अधिकाऱ्यांनाही जागा करा. आणि टिकले किती यासोबत वर किती गेले हेही विचारा. वीस वर्षं एकाच पायरीवर टिकण्याला माझ्या लेखी मोल नाही.

एक विनंती. कार्यक्रमात आम्हाला स्टेजवर ओळीने उभं करू नका. बोलायला बोलवा, येतो.

---

मिठागर

वेगळा मुद्दा काढतो. तीन डिसेंबर हा दिव्यांग दिन आहे हे खरं, पण ताईंनी लिहिलंय "ज्यांना कोणी कामावर उभं करत नाही". मग त्यात तृतीयपंथी येतात, तुरुंगातून सुटलेले येतात, कचरा वेचणाऱ्या बायका येतात. त्यांचं काय?

२०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ तृतीयपंथी व्यक्तींना कामावर घेतलं, देशभर कौतुक झालं. काही जणींनी पहिल्याच दिवसांत काम सोडलं, कारण शहरात कोणी भाड्याने खोली देईना. नोकरी देणाऱ्याने नोकरी दिली, घर देणाऱ्याने दार लावलं. आपल्याकडेही हेच आहे. सत्कार करायचाच तर अशा कामगाराला खोली देणाऱ्या घरमालकालाही बोलवा.

कचरावेचक बायकांसाठी स्त्री मुक्ती संघटनेचं परिसर विकासचं काम मुंबई भागात नव्वदीच्या दशकाच्या शेवटापासून चालू आहे. डंपिंगवर वेचणाऱ्या बायकांना प्रशिक्षण देऊन सोसायट्यांचं वर्गीकरण, खत, बायोगॅस अशा कामाला लावलं. तिथे मालक कोण? आपल्या सोसायट्याच ना. ज्या सोसायटीने या बायकांना ओळखपत्र, हातमोजे, हात धुवायला नळ, आठवड्याची सुट्टी आणि वेळेवर पैसे दिले ती सोसायटीसुद्धा चांगली मालक आहे.

---

तळोजा_गॅरेज

मिठागर यांनी तुरुंगातून सुटलेल्यांचं लिहिलं म्हणून लिहितोय.

माझ्याकडे गाड्यांच्या कामाला सहा जण आहेत. त्यातला एक जण शिक्षा भोगून आलेला. आत असताना तो सुतारकाम शिकला होता, माझ्याकडे येऊन डेंटिंग-पेंटिंग शिकला. हात सोन्याचा आहे. पाच वर्षं झाली, एक दिवस उशीर नाही. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये राहिलेलं पाकीट दोनदा गिऱ्हाइकाला परत केलंय.

हे फक्त मला माहीत आहे. बाकीच्या पाच जणांना नाही, गिऱ्हाइकांना तर नाहीच. उद्या तुम्ही माझा सत्कार केला, "याने कैद्याला काम दिलं" म्हणून, तर परवा लोक सहाही जणांकडे बघून विचारतील, यातला तो कुठला? माझ्या गळ्यात हार पडेल आणि त्याचं आयुष्य पुन्हा पाच वर्षं मागे जाईल.

म्हणून मी नाव देणार नाही. पण एक मदत हवीय. त्याला बँकेत खातं होतं, आधार आहे, तरी खोली बदलताना दरवेळी पोलीस पडताळणीच्या कागदावर गाडी अडते आणि मला मध्ये पडावं लागतं. तुमच्या गटात वकील असतील तर त्यांनी अर्धा तास वेळ दिला तर फार बरं होईल. हाच माझा सत्कार समजा.

---

पुस्तकपान

तळोजा, मी स्वतः वकील आहे. खासगी संदेश बघा, रविवारी सकाळी भेटू. शिवाय टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रयास हा प्रकल्प सुटलेल्या लोकांच्या पुनर्वसनावर अनेक वर्षं काम करतो, त्यांच्याशीही बोलू.

---

खाडीकाठ

गॅरेजदादा, तुमचं लिहिणं वाचून मी काल रात्री माझी अर्धी यादी पुसली. आमच्या गटापुढे मी मांडलं की कामगाराला आधी एकट्याला भेटून विचारायचं, तुमच्याबद्दल सांगितलेलं चालेल का, नाव घेतलेलं चालेल का, फोटो चालेल का. तिन्ही प्रश्न वेगळे. तो नको म्हणाला तर मालकाला हवं असलं तरी नाही. गटाने मान्य केलं.

---

साष्टी

माझा विरोध मागे घेत नाही, पण थोडा बदलतो. शाल-श्रीफळ रद्द करा. त्या पैशातून सांकेतिक भाषेची दुभाषी बोलवा कार्यक्रमाला, नाहीतर ज्यांच्यासाठी कार्यक्रम त्यांनाच तो कळायचा नाही. खर्चाला माझे तीन हजार धरा. आणि हॉलची पाहणी कोणी केलीय का? दारात किती पायऱ्या आहेत?

---

खाडीकाठ

तीन पायऱ्या आहेत. खरं सांगते, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मागच्या दाराला उतार आहे, पण तो मालाच्या हातगाडीसाठी केलेला.

---

वागळे_वर्कशॉप

हातगाडीचा उतार चालणार नाही, फार चढा असतो. नियम एकास बारा: एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट, म्हणजे अठरा फूट रॅम्प लागेल. समोर तेवढी जागा आहे का मोजून सांगा. मी चेकर्ड प्लेटचा, जोडता-सोडता येणारा रॅम्प करून देतो, दोन्ही बाजूंना कठडा लावून. मटेरियल माझं. कार्यक्रम झाल्यावर तो हॉलवाल्यांनी कायमचा ठेवून घ्यावा एवढंच त्यांच्याकडून कबूल करून घ्या. स्वच्छतागृहाचं दारही मोजा. मोकळी रुंदी नव्वद सेंटीमीटर हवी.

---

दीपमाळ

आणि आमंत्रणाचं चित्र करून व्हॉट्सॲपवर फिरवाल तेव्हा सोबत मजकूर टाइप करून पाठवा. चित्रातली अक्षरं माझा फोन धड वाचत नाही.

---

खाडीकाठ

दोघांचंही लिहून घेतलं. जागा मोजली, समोर बावीस फूट आहे. हॉलवाल्यांनी रॅम्प ठेवायला होकार दिलाय. स्वच्छतागृहाचं दार पंचाहत्तर सेंटीमीटर निघालं. ते बदलायला तयार नाहीत, म्हणून शेजारच्या दवाखान्यातलं तळमजल्याचं वापरायची परवानगी घेतली.

यादीचं सांगते. बीआरएसआर अहवाल बघितले, सात कंपन्यांचे. दोन कंपन्यांत दिव्यांग कामगारांचा आकडा शून्य आहे, आणि त्यातल्या एकीने मागच्या वर्षी व्हीलचेअर वाटपाचा मोठा कार्यक्रम केला होता. त्यांना आम्ही सत्काराचं नव्हे, भेटीचं पत्र दिलंय. चुनाभट्टीजवळ केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं जे रोजगार केंद्र आहे, जुनी माणसं ज्याला व्हीआरसी म्हणतात, तिथे नोंदवलेले उमेदवार असतात हेही त्यात लिहिलं. एका कंपनीच्या एचआरने परवा बोलावलंय.

कोपरखैरणेच्या आईंनी म्हटल्याप्रमाणे, दहाच्या आत माणसं असतील तिथे तिसऱ्या वर्षाची अट एका वर्षावर आणली. मोठ्यांना तीनच. ठेकेदारामार्फत घेतलेली माणसं मोजताना ठेका बदलल्यावर ती राहिली का, हे मी जातीने बघणार आहे. तो प्रश्न मी सोडणार नाही.

भावाला विचारलं, येशील का. त्याने खुणेने विचारलं, कोणाचा फोटो काढणार? मी सांगितलं, ज्याला हवा त्याचा. तर म्हणाला, मग दुभाषीच्या शेजारची खुर्ची मला ठेव, मागे बसलेल्यांना दिसलं नाही तर मी उभा राहून सांगेन.

आई, मेसवाल्या ताईंना कधी भेटता येईल?

---

कोपरखैरणेची_आई

विचारलं त्यांना. साडेबारा ते तीन डोकं वर काढायला वेळ नसतो म्हणाल्या, चारनंतर या. आणि लेकाला तुमच्याशी एकट्याने बोलायचं असेल तर त्या स्वयंपाकघरात जाऊन बसतील म्हणाल्या. त्याला मी सांगितलंय कोणीतरी ताई प्रश्न विचारायला येणार आहेत. तेव्हापासून रोज विचारतोय, त्या जेवूनच येणार की त्यांचंही ताट लावायचं?

---

खाडीकाठ

लाव म्हणावं. गुरुवारी जेवायलाच येते, आणि सगळी गर्दी ओसरेपर्यंत थांबते.